तीन एमएमची प्लेट

वेल्डर : नाही भावोजी, तीन एमएमच्या प्लेटवर मी पुन्हा जीपचं ते गाडी ओढायचं विंच बसवणार नाही.

भावोजी : अरे, या वेळी आठ आणलीय. हात लावून बघ.

वेल्डर : हं, आहे आठ. मागच्या वेळी मी सहा सांगितली होती, तर तुम्ही तीन घेऊन आलात.

भावोजी : घरात पडली होती रे. दुकान बंद झालेलं, सकाळी आम्ही सगळे मित्र जीप घेऊन निघणार. म्हटलं, विंचला काय कळतंय!

वेल्डर : विंचला नाही कळलं. चिखलातली गाडी ओढताना सुटून तुमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांच्या पायावर आलं, त्यांना कळलं.

भावोजी : काल प्लास्टर काढलं त्याचं.

वेल्डर : ती फाटलेली प्लेट दाखवा. हे माझं वेल्डिंग. जरा तरी हललंय?

भावोजी : नाही.

वेल्डर : त्याच्या शेजारी पत्रा फाटलाय. आणि तुम्ही चारचौघांत काय सांगितलंत? मेव्हण्याचं वेल्डिंग सुटलं!

भावोजी : डॉक्टर ओरडत होता, सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडातून निघून गेलं, मग मागे घेता येईना. लाज वाटते रे. या गल्लीतून जायचंही टाळत होतो.

वेल्डर : तुमचे जीपवाले मित्रही आता माझ्याकडे काम आणायचं टाळतात. पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा? पातळ आहे हे दिसत होतं, तरी जोडली. ताईच्या नवऱ्याला नाही म्हणायला जीभ रेटेना.

भावोजी : निदान ताईला तरी सांगायचंस.

वेल्डर : काय सांगू, तुझा नवरा खोटं बोलतोय? ‘तुझ्यामुळे ह्यांना खाली मान घालावी लागली’ म्हणाली. दोन महिने झाले, फोन उचलत नाही माझा.

भावोजी : मला वाटलं, तुमचं दुसरंच काही बिनसलंय.

वेल्डर : खरंच वाटलं?

भावोजी : नाही. माहीत होतं मला. थांब, तिला लावतो. स्पीकरवर. ...हॅलो, मी तुझ्या भावाकडे आलोय.

ताई : तिथे कशाला गेलात?

भावोजी : ऐक. त्याचं वेल्डिंग सुटलं नव्हतं. प्लेटच मी पातळ दिली होती, त्याने जाड सांगितली असताना. मी सगळ्यांशी खोटं बोललो. तुझ्याशीसुद्धा.

ताई : तो आहे का तिथे?

भावोजी : ऐकतोय. देऊ फोन?

ताई : नको. कुठल्या तोंडाने बोलू मी त्याच्याशी?

वेल्डर : काही बोलू नकोस ताई. नुसता फोन ठेवू नकोस.