डावीकडची नागीण

आम्ही इथलेच, या कानडी मुलखातले, कितव्या पिढीपासून ते माझ्या आजीलाही माहीत नव्हतं, भांडतो कानडीत आणि रडतो मराठीत, घराणं शिंप्याचं, नवराही शिंपीच, तो गेल्यावर बसवनगुडीतल्या त्याच्याच गाळ्यात मी ब्लाउज शिवत राहिले, सगळी गल्ली मला टेलर अक्का म्हणते.

काय सांगू तुम्हाला, तीन वर्षांमागं डाव्या छातीखालून पाठीपर्यंत आग सुरू झाली, मग फोड आले, नागीण हो, इथं सर्पसुत्तु म्हणतात. माझी मुलगी शोभा म्हणाली आई, डॉक्टरकडं चल, मी म्हटलं थांब स्वल्प, आधी गेरू लावणाऱ्या अज्जींकडं जाऊन येते, नागिणीचं तोंड नि शेपूट मिळालं तर माणूस जातं म्हणतात, असं करत पाच दिवस गेरू लावून घेतला. फोड वाळले की, खपल्या पडल्या, अज्जींना मी खण-नारळ दिला.

आग मात्र गेली नाही. पंख्याचा वारा लागला तरी चटका बसतो, पदर घासला तरी डोळ्यांत पाणी येतं, जन्मभर दुसऱ्यांना अंगासरशी शिवून देणारी मी, माझ्याच ब्लाउजची डावी बाजू उसवून जुन्या धोतराचं कापड ढगळ लावलंय. डॉक्टर म्हणाले दुखणं गेलं अक्का, पण जाताना नस खराब करून गेलं, ती आता काही नसतानाही आग आग म्हणून मेंदूला कळवत राहते, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असता तर कदाचित एवढं झालं नसतं. ते कदाचित मला आगीपेक्षा जास्त खातं. गोळ्या घेतल्या की झापड येते, टीप वाकडी जाते, आग स्वल्प बसते, परत उठते. बाहेरून काही दिसत नाही ना, गिऱ्हाइकं म्हणतात बऱ्या झालात अक्का, मी म्हणते सरी, बरं.

मग शोभाला मुलगी झाली. मी हातानं कुंची शिवली, पोरीला छातीशी धरलं, तिचं डोकं डावीकडं टेकलं आणि मी किंचाळले हो, हातातून सुटलीच, शोभानं झेललं. उजव्या खांद्यावर घेऊन बघितलं, पण लेकरूच ते, वळतं, पाय मारतं. ती रांगत येऊन हात वर करायला लागली तशी मी पटकन मशीनवर बसायची, सुईखाली कापड नसलं तरी पाय मारत राहायची, आजीला काम आहे गं राणी.

आता चालते ती. गाळ्यात आली की कुणाही बाईकडं हात वर करते, माझ्याकडं करत नाही. कधी कधी मीच मशीन थांबवून बघत बसते, तरी येत नाही. शहाणी आहे पोर, उदंड आयुष्य लाभो तिला.