रजा टाकतो आणि निघालोच!

...आणि वर तो कॉम्प्युटर नम्रपणे सांगतो हो! शिवी दिली असती तर माणसानं दोन परत तरी दिल्या असत्या. पण हा आपला हात जोडल्यासारखा, 'क्षमस्व, आपल्याला परवानगी नाही.' कुणाला? तर आमच्या भाऊजींना! तुम्हाला सांगतो, आमच्या ताईचा हा नवरा म्हणजे त्या कंपनीत परवानग्या वाटणारा माणूस. कुणाला बिल उघडत नाही, कुणाला पगाराची चिठ्ठी दिसत नाही, सगळे फोन यांच्या टेबलावर, आणि हे दोन बटणं दाबून मोकळे!

त्या दुपारी ताईला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधीच! इतक्या वर्षांनी पाळणा हलणार होता! तिला दवाखान्यात पोचवलं आणि भाऊजींना फोन लावला, "निघा!" आता साधा माणूस काय करेल? पायात चपला सरकवेल आणि पळेल. भाऊजी म्हणतात, "रजा टाकतो आणि निघालोच." रजा टाकतो! अहो, घर पेटलं असतं तर यांनी आधी बादलीची मागणी नोंदवली असती!

टाकली रजा. 'क्षमस्व, आपल्याला परवानगी नाही.' का? तर रजा मागायला कॉम्प्युटरच्या लेखी 'कर्मचारी' असावं लागतं, आणि भाऊजी पडले 'अ‍ॅडमिन'. "एवढंच ना?" म्हणाले, आणि स्वतःच स्वतःला कर्मचारी करायला गेले. कॉम्प्युटर म्हणतो, एका माणसाला दोन्ही होता येणार नाही, अ‍ॅडमिन काढू? खात्री आहे? इकडे ताई आतून ओरडतेय, "निघाला का तोऽऽ?", मी फोनवर ओरडतोय, "निघालात का?", आणि त्या गडबडीत या माणसानं दाबलं... 'हो'! झालं! अ‍ॅडमिनपद गेलं, आणि कर्मचारीपद जाऊन बसलं साहेबांच्या मंजुरीला. तेलही गेलं, तूपही गेलं!

मग एकदाची अक्कल आली. "खड्ड्यात गेली रजा!" म्हणत दाराकडे धावले, कार्ड लावलं... लाल दिवा! दारसुद्धा त्याच कॉम्प्युटरला विचारून उघडतं हो! 'क्षमस्व, आपल्याला परवानगी नाही.' मजल्यावर चिटपाखरू नाही, सगळे खाली मीटिंगला. दारावर पाटी, 'अडचण आल्यास मदत कक्षाला फोन करा.' मला म्हणाले, "थांबा जरा," आणि केला फोन. तर मागं टेबलावर ट्रिंग ट्रिंग... यांच्याच! मदत कक्ष म्हणजे हेच ना!

दार बडवलं, हाका मारल्या, काही नाही. मग फोनवर बारीक आवाजात, "तिला सांगाल का, मी... मी येतोय म्हणून?" तुम्हाला सांगतो, इतका वेळ दातओठ खात होतो, पण तेव्हा दारातूनच ताईला ओरडून सांगितलं, "येताहेत गं!"

शेवटी साहेबच वर आले. बाहेरून दार उघडलं, "अहो, जागेवर का नाही तुम्ही? माझी फाइल उघडत..." वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊजी त्यांच्या काखेखालून जिन्यात!

पोचले तेव्हा मुलगी होऊन पाय झाडत होती. ताईनं तोंड फिरवलेलं. हे घामाघूम, कॉटशी उभे. "घेऊ का हिला?" ताई वळली. "परवानगी कसली मागतोस? तुझीच आहे!" मग मात्र दोघंही रडली, आणि मी खिडकीतून पार्किंग बघत बसलो.

आठवडाभर माणूस बाळापासून हलला नाही. नंतर भीतभीत साहेबांसमोर गेले, "सर, माझ्या रजेचं..."

"कसली रजा?" साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये तुम्ही बाहेर गेल्याची नोंदच नाही. अखंड हजर! रात्रीसुद्धा! अहो, घरी जात जा अधूनमधून!"

हसत हसत आम्ही ताईला सांगितलं. तिनं बाळाचा लंगोट बदलता बदलता नुसती मान हलवली.

"त्यात खोटं काय आहे?" म्हणाली. "घरी येतो तेव्हा तरी हा कुठं तिथून बाहेर पडलेला असतो!"