मिस्ड कॉलची पेटी

विठ्ठलाचं नाव घ्या आणि मला सांगा मंडळी — पुढं चाललेल्याचे पाय धरून ठेवले, तर आपण पुढं जातो का? माना हलवू नका! आधी भूपालअण्णांची गोष्ट ऐका.

अण्णा चौगुले, शिरोळकडचे. अक्कल अशी, की त्यांनी एक पेटी बनवली — घरातून मिस्ड कॉल द्यायचा, की शेतातली मोटर सुरू! तार नाही, काही नाही! पंचक्रोशीत अण्णांचं नाव झालं. गिऱ्हाईक दारात उभं.

मग त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या शिवलीलानं तशीच पेटी काढली. अण्णा पेटले! "कल्पना माझी! पेटंट माझं! पोरीला कोर्टात खेचतो!"

कल्पना त्यांचीच होती हो, त्यात खोट नाही. पण पुढं काय झालं?

गिऱ्हाईक म्हणे, "अण्णा, विहीर आटली तरी मोटर चालूच राहते. जळली की माझी!"

अण्णा म्हणत, "आधी निकाल, मग दुरुस्ती!"

देवाला तरी कुणी असं सांगतं का — आधी निकाल, मग आरती? पण अण्णांचं टेबल कागदांनी भरलं, पाने-पक्कड गंजले, गिऱ्हाईक पांगलं. अण्णांना रात्री वाटायचं, एकदा जिंकलो की सगळे परत येतील.

आणि जिंकले की! शिवलीलाला ती पेटी विकायला बंदी! अण्णांनी कोर्टाच्या आवारातच पेढे वाटले. तिच्याही हातावर ठेवला — "घे. कारखान्याला कुलूप लाव आता!"

ती म्हणाली, "अण्णा, ती पेटी मी कधीच बंद केली. आता नवी आहे."

"नवी? कसली नवी?"

तेवढ्यात अण्णांच्या वकिलांचा फोन वाजला. एका हातात फाईल, दुसऱ्यात पेढा! त्यांनी करंगळीनं स्पीकर दाबला. आतून बाईचा आवाज — "विहिरीतलं पाणी संपलं आहे. मोटर बंद केली आहे."

आवाज कुणाचा? समोर उभ्या शिवलीलाचा — नव्या पेटीत भरून ठेवलेला!

अण्णांच्या तोंडातला पेढा तोंडातच! "वकीलसाहेब... तुम्हीसुद्धा?"

वकील खाली बघत म्हणाले, "अण्णा, खटला तुमचा होता. मोटर माझी आहे हो!"

अण्णांनी पेढा गिळला. मग हळूच शिवलीलाला म्हणाले, "पाणी संपलेलं तुझ्या पेटीला कळतं कसं?"

"मोटर रिकामी फिरली की वीज कमी ओढते. पेटी तेवढं ओळखते. पण टेकडीपलीकडं अजून रेंज जात नाही, अण्णा."

"कशी जाईल? अँटेना चुकीची लावलीस!" अण्णांचे डोळे चमकले. पेढ्यांचा पुडा वकिलांच्या हातात कोंबून ते निघाले. "मी पोचवतो टेकडीपलीकडं! मग बघू, तुझी पेटी कोण घेतं ते!"

शिवलीला हसली. "अण्णा, तुमची नोटीस आली तेव्हा भ्याले नव्हते. आज भ्याले!"

मंडळी, आपण कुणाकुणाचे पाय धरून बसलोय? भावाचे? शेजाऱ्याचे? सोडा ते! हात मोकळे झाले तरच टाळी वाजेल — वाजवा, आणि म्हणा विठ्ठल!

आणि मागं कुणाचा फोन वाजतोय? मोटर बंद पडली असेल तर जा बाबा. बाकीच्यांनी बसा!