अ‍ॅक्रिलिकची भिंत

तापानं फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन मी मुलांच्या वॉर्डाबाहेर बसले होते. शेजारी एक जोडपं होतं. नवऱ्याच्या नखांत सांधे बुजवायचं सिलिकॉन वाळलेलं होतं.

“पोराला पोहण्याच्या तलावात उतरू दिलंत कशाला?”

“हट्टच धरला. बाबानं बसवलेली भिंत पाण्यातून बघायची म्हणाला.”

“आणि तुम्ही कुठे होता?”

“भिंतीच्या अलीकडे, बाहेर. अ‍ॅक्रिलिक आहे गं ते, आरपार दिसतं.”

“मग तो दिसला नाही?”

“दिसला ना. हातभर अंतरावर होता.”

“अहो, मग?”

“तलाव पहिल्यांदाच भरला होता. मी सांधे बघत होतो, पाणी कुठे झिरपतंय का ते. त्यानं हात हलवले. वाटलं, खूश झालाय. मीही हात हलवला.”

“जळो मेलं ते काम तुमचं!”

“एक थेंब गळला नाही.”

“गप्प बसा हो.”

नर्सनं दार उघडलं.

“शुद्धीवर आलाय. एकानंच आत या.”

“तुम्ही जा. तुमच्याशिवाय त्याचं पान हलत नाही.”

“नको, तू जा. मी समोर दिसलो, तर त्याला वाटेल, आपण अजून पाण्यातच आहोत.”