मेल्यावर भरती झालेला

नाही नाही, ती फाइल आधी खाली ठेव — टेबलावर नको, रस्सा सांडतो — आणि जेव. भांडण होणारच आहे आपलं, पण उपाशी माणसाशी भांडायची सवय नाही मला. या मिर्यांगच्या बाजारात कोणालाही विचार, हदोंगवाली म्हातारी शिव्या घालते, पण वाटी भरून वाढते. तो खारातला जवळा घाल वरून, चव येईल. घाल रे, सोलच्या माणसांना हात आखडता का असतो मेला! हां. आता मघाशी काय म्हणालास ते परत म्हण. अर्ज नामंजूर. बरं. तिसऱ्यांदा. बरं. आणि हे सांगायला तू एवढ्या लांब गाडी बदलून आलास, सोबत नाशपातींची पेटी घेऊन? नाशपाती घेऊन जा परत. माझ्या नवऱ्याला तुम्ही मारलात, आणि वर मला फळं खायला घालता?

लढाईत नाही रे, कागदावर मारलात म्हणतेय मी! तूच वाचून दाखवलंस ना आत्ता — ओ पिल-ग्यू, मृत्यू सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला. आणि त्याच्याच खाली — भरती, पौर्णिमेनंतर चार दिवसांनी. म्हणजे माझा नवरा आधी मेला, मग उठला, अंगावरची माती झटकली आणि फौजेच्या रांगेत जाऊन उभा राहिला! असा मर्द आहे का तुमच्या अख्ख्या फौजेत दुसरा? त्याला तर दोन पदकं द्यायला हवी होती. पण नाही. तुम्ही काय म्हणता — मेलेला माणूस भरती होऊ शकत नाही, सबब हा जवानच नव्हता. सबब! कोण बसतो रे तिथे हे सबब लिहायला? — हसू नकोस, ठसका लागेल.

किती वेळा सांगायचं, ती तारीख मरणाची नाहीच. तुझ्या आजीला विचार, घरात कोणी जुनं माणूस असेल तर. ज्याचं मरण कोणी पाहिलं नाही, त्याचं श्राद्ध कधी घालतात? तो घरातून निघाला त्या दिवशी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तो दिवस. कारण घराला तेवढंच माहीत असतं. लढाई संपल्यावर तुमचा कोणी कारकून आला माझ्या सासरच्या गावात, ओसरीवर बसला, सासूला विचारलं, “मुलाचा दिवस कधी?” ती म्हणाली, पौर्णिमेला. ती श्राद्धाचा दिवस सांगतेय, हा मरणाचा लिहून घेतोय. बार्लीचा चहा प्यायला आणि गेला. आणि त्याचं ते लिहिणं तुम्ही आजवर डोक्यावर घेऊन नाचताय! देवाने लिहिलेलं खोडता येत असेल, त्या मुडद्याने लिहिलेलं नाही.

काय? पैसे? कोण पैसे मागतंय? हे दुकान दिसत नाही तुला? या हातांनी डुकराची हाडं उकळत आले आजवर, कोणापुढे पदर पसरला नाही. शहीदांच्या दगडावर नाव? — हो, म्हणजे — दगडावर नाव हवंच. बाकीच्यांच्या बायका जातात, नावावरून बोट फिरवतात, रडतात, परत येताना शेंगदाणे खातात. मलाही जायचंय. पण दगड नाही आला तरी चालेल मला, खरं सांगते. तेवढा एक महिना द्या माझा.

कुठला महिना म्हणजे? मी महिना म्हणाले? काहीतरी ऐकतोस. भात घेतोस अजून? — घे. ओल्या कांद्याची पात संपलीय, येईलच आत्ता. ग्वांग-तेक गेलाय आणायला. माझा मुलगा. दारावरचं नाव त्यानेच रंगवलंय, बघितलंस का? अक्षर बापाचं आहे त्याचं. बापाने कधी हात धरून शिकवलं नाही, तरी — अक्षर बापाचंच आहे. तू मान का हलवतोस? हिशेब करतोयस का मनात? कर की! सगळ्या गावाने केलाय. विहिरीवर बायका बोटं मोजायच्या, माझ्यासमोर, पदराआड सुद्धा नाही. नवरा पौर्णिमेला गेला, आणि पोर झालं ते हवं त्यापेक्षा महिनाभर उशिरा. आता कळला तुला महिना? कळला?

असा खाली बघू नकोस, मी काही लाजत नाही. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझा नवरा चार कोसांवर होता. इथेच, या मिर्यांगात, नदीकाठच्या शाळेत त्यांची तुकडी थांबली होती, उत्तरेकडे जायच्या आधी. एका बैलगाडीवाल्याने सांगितलं मला. शरदातला सण तोंडावर आलेला. सासूला म्हटलं, उरलेल्या करंज्या उकडताना खाली घालायला अजून पाइनची पानं आणते डोंगरावरून. आणि थोड्या तांदळाच्या करंज्या आदल्या संध्याकाळीच उकडून ठेवल्या होत्या, त्या बांधल्या फडक्यात आणि चालत सुटले. बघते तर काय, शाळेच्या फाटकाशी हा उभा, दोन माणसं मावतील असा गणवेश, बाह्या दुमडलेल्या. जिवंत होता रे! तुमच्या कागदाप्रमाणे मरून महिना झाला होता, आणि उभ्याउभ्या करंज्या खात होता! एक पाइनची काडी दातात अडकली, ती काढून त्याने माझ्या केसांत खोचली. शाळेमागे ज्वारी होती, पुरुषभर उंच. आता यापुढे तुला काय सांगू, तू माझ्या नातवाच्या वयाचा. ज्वारीची पानं फार कापतात, एवढंच सांगते.

सांगितलं नाही कसं? सांगितलं की! पोट दिसायला लागलं तेव्हा सासूच्या पायाशी बसून सांगितलं सगळं. तिने काय विचारलं माहितेय? “कोणी पाहिलं?” एवढंच. बैलगाडीवाला तोवर बाँबमध्ये गेला, बैलासकट. तुकडी गेली उत्तरेला, त्यातलं कोणी परत आलं नाही. विश्वास ठेवायचाच नव्हता तिला. ठेवला असता तर मानावं लागलं असतं की मुलगा महिनाभर चार कोसांवर होता आणि भेटला तो बायकोला, आईला नाही. ते तिला गिळवलं नाही. मग तिने मला खोटं पाडलं. आणि तुमच्या कारकुनाने तिचं लिहून घेतलं, माझं नाही. मी तिथेच होते, त्याला चहा मीच दिला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि भोगलं कोणी? माझ्या पोराने. बापाच्या श्राद्धाला दारूचा पहिला पेला मुलाने ओतायचा की नाही? आमच्याकडे पुतण्या ओततो. हा मागे उभा, दारातल्या चपलांपाशी, शेजाऱ्यासारखा. लहानपणी एकदा हात पुढे केला पेल्यासाठी, तर दिराने त्याच्या हातावर मारलं. ते मी विसरेन का? मरेपर्यंत नाही. आता कुळाची वंशावळ नवीन छापतायत. दीर म्हणतो, वहिनी, सरकारी कागदावर दादा पौर्णिमेलाच गेलाय, मी कुठे घालू याचं नाव? कागद! तो तुमच्या कागदामागे लपतो, तुम्ही माझ्या सासूमागे लपता, आणि ती जाऊन बसलीय थडग्यात. मी भांडू कोणाशी? तुझ्याशी? तू तर धड जवळासुद्धा घालून घेत नाहीस!

म्हणून सांगते, लिही. मी बायको, मी स्वतः पाहिलंय त्याला, गणवेशात, पौर्णिमेनंतर महिन्याने. या डोळ्यांनी. घे पेन, लिही समोर बसून. अंगठा देते, शपथ घेते, हवं तर त्या उकळत्या हंड्यात हात घालते. लिही ना! का थांबलास?

काय म्हणालास?

परत म्हण.

“दुसरं कोणी पाहिलं का?”

मेल्या, माझ्या दुकानात बसून, माझं अन्न पोटात घालून, तू माझ्या सासूच्या तोंडाने बोलतोस? ज्वारीच्या शेतात साक्षीदार घेऊन जातात का रे तुमच्या सोलमध्ये? कोणी पाहिलं! थांब, साक्षीदार हवा ना तुला? दाखवते. ऊठ, दाराकडे बघ. तो येतोय रस्ता ओलांडून, पातीची जुडी काखेत धरून — तो साक्षीदार. कान बघ त्याचे, चाल बघ. त्या ज्वारीतून जिवंत परत आलेला तेवढा एकच आहे. त्याला विचार, कोणी पाहिलं —

नाही. नको. चूप. खाली बस. फाइल झाक ती — झाक म्हणते ना! यातलं एक अक्षर मी त्याला कधी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, आई दगडावरच्या नावासाठी भांडते.

— आलास? किती उशीर रे. ठेव ती पात तिकडे, पाय पूस आधी. हे? कोणी नाही. गिऱ्हाईक आहे. जेवण झालंय त्यांचं, निघालेत.