अनिकाची मान

— नाही एल्फ्रीडा, हात धुवायची काही गरज नाही, इसब आहे ते, शिवलं म्हणून कुणाला होत नाही — नऊ वर्षं हेच सांगतेय या गावाला. बस. मागच्या उन्हाळ्यात तळ्यावर आमची अनिका पाण्यात उतरली, तेव्हा तूच तुझ्या पोरांना दंडाला धरून बाहेर ओढलंस ना? पाहिलं मी. किळस आली मला — तुझी, तुम्हा सगळ्यांचीच. चर्चच्या बाकावर तिच्या अंगाच्या खपल्या दिसल्या की रुमालाने झटकून मग बसणारी माणसं! शी!

झालं काय म्हणतेस? मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हो, नऊ वर्षांच्या पोरीच्या. विनिपेगच्या इस्पितळातली डॉक्टरीण — तरुणच आहे ती, पण नीट समजावते — म्हणाली, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली होती, तिथे गाठ झाली नि वर गेली. कशाने फाटली? खाजेने! नाही ना पटत? खाज सुटली की अनिका खुर्चीच्या पाठीवर मान घासायची, डोकं असं हिसके देऊन फिरवायची — दिवसभर, महिनोन्‌महिने. कारण नखं मीच कापलेली, हातमोजे मीच बांधलेले — रक्त काढायची ना ओरबाडून, चादरी भरायच्या — मग हात नाहीत तर मान. क्वचितच होतं म्हणे असं. क्वचित!

आधी काही कळलं नाही का? नाही... म्हणजे, कळलं. मंगळवारी सकाळी म्हणाली, "आई, मान दुखतेय, घर फिरतंय." मी म्हटलं, शाळा बुडवायची नाटकं पुरेत. ओकली — तर मी आधी फरशी पुसली. मग उठायला तिने माझ्याकडे हात केला — सोललेला, मलमाने चिकट, पू धरलेला — आणि अंगात माझा कामावरचा धुतलेला ब्लाउज होता — आणि मी मागे सरले, एल्फ्रीडा. मी, तिची आई. पडली ती. मग धरलं मी.

आता चालते भिंतीला धरून. चमचा गळून पडतो उजव्या हातातून.  आणि त्या सकाळपासून मी उचलायला वाकले की आधी बाह्या खाली ओढते, बोटांपर्यंत. माझ्यासाठी.

रडू नकोस इथे. ऊठ. तिची चालायची वेळ झाली, आणि परक्यासमोर ती चालत नाही. जा म्हणते ना!