बैल पिलेले न्हवते

न्हाई न्हाई, अंगठा द्यायला माझी ना न्हाई, पण ती शाईची डबी जरा इकडं सावलीत सरकवा मुंजाजी, उन्हानं वाळती ती, मागं एकदा चावडीत वाळक्या शाईवर दाबू दाबू माझं बोट दुखून आलं आन कागद कोराचा कोरा… तर तुमी म्हणायलाव की हा कायदा लय कडक हाय. पिऊन गाडी हाकली की जेल, आन आता तर म्हणं गाडी-बैलबी जप्त. मोटारवाल्याला लावा म्हणायलाव, मोटारीला कुठं अक्कल असती, बैलाला असती. बरोबर हाय. मीबी तेच म्हणत होतो. तुमाला सांगतो, ह्या गावात माझ्याइतकं ते कोणीच म्हणलेलं न्हाई. म्हणून तर तुमाला अर्जावर पहिला अंगठा माझा पाहिजे, की बाबा, ह्या आश्रुबाला महिनाभर आत टाकलं, गरिबावर जुलूम झाला, त्याचा अंगठा सगळ्यांच्या वर दिसू द्या. द्यावा लागंल. चार माणसं उन्हातान्हात दारात आल्यावर न्हाई कसं म्हणावं? पण ते मधलं एकदा वाचा बरं… हं, हेच. ‘गाडीवान झोपला तरी बैल आपल्या मनाने घरी येतात, सबब गाडीवानाचा गुन्हा होत नाही.’ सबब. चांगला शब्द हाय. कोणी लिहिलं हे? चांगलं लिहिलंय. मी कोर्टात हेच म्हणलो होतो, फकस्त मला सबब येत न्हवतं. मी म्हणलो होतो, साहेब, बैल पिलेले न्हवते.

बसा की. घाई काय हाय?

तवा आपण हैदराबादच्या राज्यात होतो. आता मुंबईच्या राज्यात हाव म्हणतात. मी काय जागचा हाललो न्हाई, गोठा हालला न्हाई, ओढा हालला न्हाई, आन हैदराबाद गेलं आन मुंबई आली, असू द्या, कोणीतरी यायलाच पाहिजे. तर ताडकळसचा बाजार. हुलगे घेऊन गेलो होतो, दोन पोते, ते दुपारच्या आत गेले. मंग बाजार झाल्यावर माणूस काय करतो? शिंदीच्या दुकानात जातो. ते दुकान काय चोरून न्हवतं, सरकारच त्याचा लिलाव करायचं, भर रस्त्यावर, पाटी लावून. म्हणजे बघा, सरकारनंच पाजायची आन सरकारनंच तोंड हुंगायचं. हे अर्जात लिहिलंय का? न्हाई? लिहा की. पण मला सरकारनं काय धरून न्हेलं न्हवतं आत, मी माझ्या पायानं गेलो होतो, तेबी लिहावं लागंल मंग. जाऊ द्या.

किती पिलो? आता ते मापात सांगता यायचं न्हाई. एवढं सांगतो की दुकानातून निघताना मी बैलांना रामराम घातला. त्यांनी घेतला का न्हाई ते आठवत न्हाई. गाडीत बसलो, कासरा खुंट्याला अडकवला, आन झोपलो. ह्यात नवं काय? आपल्याकडं बाजार करून येणारी प्रत्येक गाडी अशीच येती. धुरकरी आडवा आन बैल चालायलेत. माझ्या बापानं तर उभ्या जन्मात ताडकळसहून घरी यायचा रस्ता बघितलेला न्हवता. जायचा रस्ता माहीत होता त्याला, यायचा न्हाई. एकदा म्हाताऱ्याला पायी यावं लागलं तर तो चुकला. तुमाला खोटं वाटंल, पण फाट्यावर उभा राहून ह्याला त्याला इचारायला लागला की आपलं गाव कोणीकडं. आमचा कोश्या आन बाळ्याबी तसेच. कोश्या उजवीकडं, बाळ्या डावीकडं. ओढ्यावर थांबून पाणी पिणार, समोरून गाडी आली तर अंग चोरून बाजूला होणार, चढावर मुंडी खाली घालणार. मला त्यांनी कवा उठवलं न्हाई. अशी जनावरं. आन पिलेले न्हवते.

जाग आली ती घराच्या दारात. उतरतीचं ऊन तोंडावर आलं होतं. डोळे उघडले तर गाडीभोवती सगळं गाव गोळा झालेलं, बाया पदर तोंडाला लावून उभ्या. मला वाटलं मी मेलो. खरंच सांगतो. मी म्हणलं, मेलो वाटतं, आन बरं झालं, घरच्या दारात तरी आलो. मंग घरची पार्वतीबाई पुढं आली आन म्हणली, उठा. मेलेल्या माणसाला कोणी उठा म्हणत न्हाई, तवा कळलं की मेलो न्हाई. मी इचारलं, काय झालं? तर ती म्हणली, तुमीच सांगा. मी म्हणलं, मला काय माहीत, मी झोपलो होतो.

तवापासून हेच म्हणायलोय बघा. मी झोपलो होतो.

झालं होतं असं, की कडुलिंबाच्या वळणावर छबूबाईच्या पायावरून चाक गेलं होतं. छबूबाई म्हणजे आपली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी, एकटी बाई. गावात आणून टाकलं होतं तिला, हाड बसवणारा आला होता. ते काय मी बघायला गेलो न्हाई. जायला पाहिजे होतं. पाय उचललाच न्हाई. मी आपला गाडीपाशी उभा, आन बाळ्याच्या पाठीवरच्या गोमाशा हाकलायलोय.

मंग जमादार आला. लांबट माणूस, बोलायचा हैदराबादी. ‘क्यों रे बुड्ढे, गाडी कौन हाक रा था?’ मी म्हणलं, बैल. ‘बैल गाडी खींचते रे, हाकते नै.’ मी म्हणलं, आमच्याकडं हाकतात. मंग त्यानं माझं तोंड हुंगलं. तीन हात मागं सरला. मी म्हणलं, जमादारसाहेब, माझं हुंगलंत तसं बैलांचंबी हुंगा, गाडी त्यांनी आणलीय, मी नुसता त्यात होतो, पोत्यासारखा. पोतं कोणाला धडकलं तर पोत्याला धरता का? त्यानं काय बैलांचं तोंड हुंगलं न्हाई. हुंगायला पाहिजे होतं. बैल पिलेले न्हवते.

तर मला ठाण्यात बसवलं आन बैलांना कोंडवाड्यात. आता तुमीच सांगा, माझं सोडा, पण बैलांचा काय गुन्हा? पाच दिवस होते तिथं. मला दोन वक्त भाकर मिळत होती, त्यांना कोण टाकणार? पार्वतीबाई रोज कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन जायची आन येताना ठाण्यावरून माझ्याकडं बघत न बघत पुढं जायची. एकदाच बोलली. म्हणली, बैलांकडं आधी जाते, ते तरी शुद्धीत होते.

मंग जामिनावर सुटलो आन परभणीला दिनकरराव वकिलांकडं गेलो. लय हुशार माणूस. पान खायचे आन थुंकायचे न्हाईत, सगळं पोटात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आन म्हणले, ‘हे बघ आश्रुबा, एवढंच म्हणायचं. समोरून मोटार आली, भोंगा वाजला, बैल बुजले. संपलं.’ मी म्हणलं, त्या रस्त्यानं मोटार येत न्हाई, चाकोरी हाय ती. ‘ते कोर्टाला काय माहीत?’ मी म्हणलं, मंग बैलांचं काय होईल? म्हणले, ‘काय होणार, बुजरे, मारके बैल म्हणून लिहिलं जाईल. ते तुला विकावे लागतील. कोण घेईल, कशाला घेईल ते तू बघू नकोस. तू सुटतोस ना?’ आन आवाज एकदम मऊ करून म्हणले, ‘अरे, ती जनावरं आहेत. त्यांना अब्रू नसते.’

घरी आलो आन सात-आठ दिवस गोठ्यात बसून काढले. माणूस सुटायचा का बैल ठेवायचे, एवढाच सवाल. मारका लिहिलेला बैल शेतकरी घेत न्हाई, कोण घेतो ते सगळ्यांना माहीत हाय. कोश्या रवंथ करायलाय आन माझ्याकडं बघायलाय. त्याला काय कळतंय, पण बघायलाय. आन मला वाटायचं, बुजला म्हणून सांगू कसं? जन्मात बुजलेला न्हाई हा. आमच्या गल्लीत लग्नाच्या वरातीत फटाका फुटला तवा नवरदेवाचं घोडं उधळलं, नवरदेव शेणात पडला, आन कोश्या तिथंच कडबा खात उभा होता.

तर तारखेला मुन्सफसाहेबांच्या पुढं उभा केला. साहेब चांगले, चष्मेवाले, हळू बोलणारे. इचारलं, ‘गाडी कोण हाकत होतं?’ दिनकररावांनी खालून माझं धोतर ओढलं, म्हणजे आता मोटार आण, भोंगा वाजव. मी तोंड उघडलं आन मोटार काय येईचना. मी म्हणलं, साहेब, गाडी बैल आणायलते. ते बुजले न्हवते. ते मारके न्हाईत. मी पिलो होतो, मी झोपलो होतो, पण बैल पिलेले न्हवते.

सगळं कोर्ट हसलं. साहेबसुद्धा चष्मा पुसायला लागले. दिनकररावांनी धोतर सोडून दिलं. आन मला, तुमाला सांगतो, लय बरं वाटलं. मला वाटलं, जमलं की. बैलबी वाचले, मीबी वाचतो. मी झोपलेला, म्हणजे माझा गुन्हा न्हाई. ते जनावर, म्हणजे त्यांचा न्हाई. कोणाचाच न्हाई. रस्त्याचा असंल. हेच तुमी लिहिलंय ह्या अर्जात. सबब.

मंग छबूबाईला पुकारलं.

दोघांनी धरून आणली तिला. उभं राहाता येईना, साहेबांनी बसायला सांगितलं, तर ती खालीच बसली, फरशीवर, पाय लांब करून. तो पाय सगळ्यांच्या समोर. ती काय रडली न्हाई. माझ्याकडं बघून शिव्याबी घातल्या न्हाईत. रानातलं काम सांगावं तसं सांगितलं.

‘साहेब, माझीबी चूक हाय, मी चाकोरीतच बसले होते. सावली तेवढीच होती. पायात बाभळीचा काटा गेलता, तो काढायलते. गाडी आली. बैल मला बघून थांबले. पार माझ्याजवळ येऊन थांबले, श्वास लागायला लागला अंगाला. मी म्हणलं, आश्रुबा दादा, जरा थांबा, काटा काढायलेय. दादा उठून बसले. हं म्हणले. मी खाली मुंडी घातली. आन मंग दादांनी शेपट्या पिरगाळल्या.’

साहेबांनी इचारलं, ‘बैल चालले का मग?’

‘लगीच न्हाई चालले,’ ती म्हणली. ‘दोनदा पिरगाळाव्या लागल्या.’

आता कोणी हसलं न्हाई. साहेबांनी चष्मा डोळ्यावर ठेवला आन मला म्हणले, ‘तुझं काय म्हणणं आहे?’

मला आठवत न्हाई. आजबी आठवत न्हाई. किती येळा डोळे मिटून बघतो, लिंब दिसतो, सावली दिसती, छबूबाई दिसत न्हाई. माझा हात दिसत न्हाई. हं म्हणलेलं ऐकू येत न्हाई. मी म्हणलं, साहेब, मी झोपलो होतो. ते म्हणले, ‘झोपलेला माणूस हं म्हणत नाही.’ आन महिना दिला.

दिनकरराव बाहेर येऊन म्हणले, ‘फार झालं. एवढ्याला महिना म्हणजे फार झालं, वरच्या कोर्टात जाऊ.’ सुटून गावात आलो तर तुमीबी तेच म्हणलाव, लय झालं. सगळेच म्हणले. मी जेलात सुतळी वळली. बरी होती भाकर. तिसाव्या दिवशी सोडलं, शिपाई म्हणला, जा बाबा, झालं तुझं. झालं म्हणलं की होतं काय, मला कळत न्हाई. कळलं असतं तर सांगितलं असतं तुमाला.

आता छबूबाई काठी घेऊन चालती. खुरपायला जाती, ते बसूनच असतं म्हणून जमतं. घरोघर बोलती, हसतीबी, परवा पार्वतीबाईपाशी बसून घंटाभर जावांच्या चहाड्या सांगत होती. फकस्त मी काय बोललो की, कसं हाय छबूबाई, पाय कसा हाय, पाऊसपाणी… तर ती हं म्हणती. एवढंच. हं.

आन बैल. आता बाजारातून येताना मी पीत न्हाई. सोडली म्हणत न्हाई, सोडायला काय मर्दुमकी लागली न्हाई, तिला चवच राहिली न्हाई. तर मी जागा असतो, धुरेवर ताठ बसलेलो, बापाला न दिसलेला सगळा रस्ता बघत. आन लिंबाच्या वळणावर आलं की गाडी थांबती. कोणी नसतं तिथं. रिकामी चाकोरी. पण कोश्या थांबतो, मंग बाळ्या थांबतो, दोघं मुंडी खाली घालून उभे राहातात. मागून येणारे गाडीवाले वरडतात, ए म्हाताऱ्या, झोपलास का, पिरगाळ की शेपटी. मी हात मांडीखाली घेऊन बसतो. किती येळ थांबतात? मापात सांगतो. पायातला एक काटा काढायला लागतो तेवढा येळ. मंग आपल्या मनानं चालायला लागतात. मला साहेबांनी महिना दिला होता, तो भरला. त्यांना कोणी काय दिलं न्हवतं, तरी ते दर बाजाराला भरायलेत.

तर हे तुमी लिहिलंय ना, बैल आपल्या मनानं चालतात म्हणून, ते खरं हाय, त्यात खोडू नका काही. फकस्त पुढं एक लिहा, थांबतातबी आपल्या मनानं. आन कडक म्हणता, तर कडक असंल बाबा, मला त्यातलं काय कळतंय, मी तर त्या टायमाला तिथं हजरच न्हवतो. हा घ्या अंगठा… कुठं, हितं वर? घ्या. पण माझ्या अंगठ्याचं कोण ऐकणार मुंजाजी, ज्याला काही आठवतच न्हाई त्याची साक्ष काय कामाची? खरी साक्ष पाहिजे असंल तर ती शाईची डबी घेऊन गोठ्यात जा, कोश्याचा खूर उचला आन त्याचा ठसा घ्या. त्याला सगळं आठवतंय.

बैल पिलेले न्हवते.